पाणी गेले कुठे?

(मोटारीचे इंजिन थंड कसे राहते, ही व्यवस्था का बिघडते आणि तिची निगा कशी राखावी, याची माहिती या पाठात सोप्या भाषेत दिली आहे. पाठ वाचताना विज्ञानाच्या तासाला शिकलेल्या गोष्टी आठवा.)

विद्यार्थी मित्रांनो, उन्हाळ्याच्या सुटीत तुम्ही कधी घाटातून मोटारीने किंवा जीपने प्रवास केला आहे का? आपल्या जिल्ह्यात चाळीसगावकडून कन्नडकडे येताना औट्रम घाट चढावा लागतो. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथून खुलताबादमार्गे म्हैसमाळला जातानाही चढ लागतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा दुपारी चढावर एखादी गाडी बाजूला उभी दिसते. तिचे बॉनेट उघडलेले असते, आतून वाफ येत असते आणि ड्रायव्हर पाण्याची बाटली शोधत असतो. "गाडी गरम झाली," असे तो सांगतो. थोड्या वेळाने पाणी ओतले जाते, गाडी निघते आणि प्रवासी ती गोष्ट विसरून जातात.

पण एक प्रश्न शिल्लक राहतो. गाडीत पाणी तर भरलेले होते. मग ते गेले कुठे? ज्या ड्रायव्हरला हा प्रश्न पडतो, त्याची गाडी वाचते. ज्याला तो पडत नाही, त्याला एक दिवस इंजिन उघडण्याचा मोठा खर्च करावा लागतो. भाड्याची गाडी चालवून घर चालवणाऱ्या माणसाला हा खर्च परवडत नाही. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आपण समजून घेऊ.

इंजिन का तापते?

इंजिनाच्या आत पेट्रोल किंवा डिझेल जळते. जळताना आतील वायूचे तापमान क्षणभर दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते. लोखंड १५३८ अंशांना वितळते आणि ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळते. इंजिन याच धातूंचे बनलेले असते. मग ते वितळत का नाही? कारण त्याची उष्णता सतत बाहेर काढली जाते.

इंधनाच्या उष्णतेचे साधारणपणे तीन वाटे होतात. एका वाट्यातून गाडी चालते. दुसरा वाटा धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर जातो. तिसरा वाटा इंजिनाच्या धातूत शिरतो. हा तिसरा वाटा लहान नसतो. एक लिटर पेट्रोल जळले, तर सुमारे शंभर लिटर पाणी उकळीला येईल एवढी उष्णता निर्माण होते. म्हणजे तिसऱ्या वाट्यातल्या उष्णतेने दोन मोठ्या बादल्या भरून पाणी उकळीला येईल. छोट्या मोटारीत मात्र चार ते सहा लिटरच पाणी असते. एवढ्या थोड्या पाण्याने एवढी उष्णता कशी बाहेर काढायची? यावर उपाय एकच. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवायचे. इंजिनाजवळ त्याने उष्णता घ्यायची, बाहेर येऊन ती हवेला द्यायची आणि परत इंजिनाकडे जायचे.

स्कूटर आणि मोटारसायकल यांची बरीच इंजिने लहान असतात. त्यांच्या सिलिंडरभोवती धातूच्या पातळ पाळ्या असतात. वाऱ्याने त्या पाळ्या थंड होतात. त्यांना पाण्याची गरज पडत नाही. मोटारीचे इंजिन मोठे आणि बॉनेटखाली बंद असते. तेथे नुसता वारा पुरत नाही.

सुराही आणि पहिली मोटार

घरातली सुराही किंवा माठ पाणी गार कसे करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपते. त्याची वाफ होते आणि ती वाफ आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते. पण त्यासाठी थोडे पाणी खर्ची पडते. म्हणून सुराही रोज भरावी लागते.

पहिल्या मोटारीचे इंजिनही असेच थंड होत असे. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी १८८६ साली तीन चाकांच्या मोटारीचे पेटंट घेतले. इंजिनाभोवती पाणी ठेवलेले असे. ते उकळून त्याची वाफ हवेत जाई. ऑगस्ट १८८८ मध्ये कार्ल बेंझ यांच्या पत्नी बेर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइम या गावाहून फोर्झहाइम या आपल्या माहेरी मोटारीने निघाल्या. पतीला त्यांनी हे आधी सांगितलेही नव्हते. एक मुलगा पंधरा वर्षांचा आणि दुसरा तेरा वर्षांचा, म्हणजे तुमच्याच वयाची ती मुले होती. सुमारे शंभर किलोमीटरचा तो रस्ता होता. चढ आला की मुले खाली उतरून गाडी ढकलत. वाटेत पुन्हा पुन्हा पाणी मिळवून इंजिनात भरावे लागे. तरी ती माउली मुलांसह सुखरूप पोहोचली. मोटारीने केलेला जगातील पहिला लांबचा प्रवास म्हणून तो प्रसिद्ध आहे.

पुढे पाणी खर्च न करता तेच पुन्हा वापरण्याची युक्ती निघाली. विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने १९०० साली मर्सिडीज मोटारीसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर तयार केला. त्यात आठ हजारांहून अधिक छोट्या नळ्या होत्या. नळ्यांतून हवा जाई आणि त्यांच्या भोवतालचे पाणी गार होई. आजच्या रेडिएटरची रचना बदलली आहे. आता पाणी नळ्यांतून वाहते आणि हवा बाहेरून जाते. पण तत्त्व तेच आहे. थोडे पाणी पुष्कळ हवेला भेटवायचे.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. सुराहीतले पाणी कमी होते, हा तिचा गुण आहे. रेडिएटरमधले पाणी कमी होते, हा मात्र आजार आहे. कारण ही वाट बंद आहे. तिच्यातून पाणी बाहेर जायला नकोच.

पाण्याची बंद वाट

आपल्या शहरातील पाणचक्की तुम्ही पाहिली असेल. अठराव्या शतकात बांधलेल्या या पाणचक्कीला डोंगरातून नहरीने पाणी आणले होते. ते उंचावरून हौदात पडते. वाहत्या पाण्याच्या जोरावर तेथील जाते फिरत असे. हौदाच्या खाली मोठे दालन आहे. हौदाचा तळ हेच त्या दालनाचे छत आहे. म्हणून ऐन उन्हाळ्यातही ते दालन गार राहते. येथे दोन धडे मिळतात. पाणी उष्णता अडवते आणि वाहून नेते, हा पहिला धडा. काम करते ते वाहते पाणी, हा दुसरा धडा. मोटारीतही पाणी नुसते असून भागत नाही, ते वाहिले पाहिजे.

मोटारीतील पाण्याची वाट अशी असते:

इंजिनाच्या धातूत पाण्यासाठी पोकळ वाटा ठेवलेल्या असतात. तेथे पाणी तापते. वरच्या रबरी नळीतून ते रेडिएटरमध्ये येते. रेडिएटर म्हणजे गाडीच्या पुढच्या जाळीमागे उभी असलेली चौकोनी चौकट. तिच्यात चपट्या नळ्या असतात आणि नळ्यांच्या मध्ये कागदासारखे पातळ पत्रे असतात. गाडी धावताना या पत्र्यांमधून वारा जातो. गाडी थांबलेली असेल, तर पंखा वारा ओढतो. गार झालेले पाणी खालच्या नळीतून निघते. वॉटर पंप त्याला पुन्हा इंजिनात ढकलतो.

वाटेवर एक पहारेकरीही बसलेला असतो. त्याचे नाव थर्मोस्टॅट. त्याच्या पोटात मेण असते. इंजिन गार असताना तो दार बंद ठेवतो. त्यामुळे पाणी इंजिनातच फिरते आणि इंजिन लवकर गरम होते. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत तापले, की मेण वितळून फुगते आणि दार उघडते. मग पाणी रेडिएटरकडे जाऊ लागते. इंजिन फार तापू नये, हे खरे आहे. पण ते फार गार राहिले, तर इंधन जास्त लागते आणि भाग लवकर झिजतात. "आपला देश गरम आहे, थर्मोस्टॅट कशाला हवा?" असे म्हणून काही ठिकाणी तो काढून टाकतात. तसे करू नये.

झाकण लहान, काम मोठे

समुद्रकाठी पाणी १०० अंशांना उकळते. आपण जसजसे उंचावर जातो, तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळते. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६८ मीटर उंच आहे. येथे उघड्या पातेल्यातले पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. म्हैसमाळ याहूनही उंच आहे. तेथे ते आणखी लवकर उकळते. इंजिनातले पाणी तर नेहमी ८५ ते ९५ अंशांपर्यंत तापलेले असते. म्हणजे उकळीला थोडेच अंतर उरते.

येथे प्रेशर कुकरचे तत्त्व उपयोगी पडते. कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून पाणी १२० अंशांपर्यंत तापते आणि डाळ लवकर शिजते. रेडिएटरचे झाकणही असेच दाब धरून ठेवते. त्यामुळे आतले पाणी १०० अंशांच्या वर गेले, तरी उकळत नाही. दाब फार वाढला, तर झाकणातील स्प्रिंग उचलली जाते आणि थोडे पाणी बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीत जाते. इंजिन गार झाले, की तेच पाणी परत आत ओढले जाते. झाकणाचे रबर फाटले किंवा स्प्रिंग सैल झाली, तर दाब राहत नाही आणि चांगली गाडीही उकळू लागते.

आता या पाठातील सर्वांत महत्त्वाचा नियम वाचा. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. शिटी न होऊ देता कुकरचे झाकण कोणी ओढून काढील का? रेडिएटरचेही तसेच आहे. झाकण फिरवताच दाब नाहीसा होतो. ११० अंशांचे पाणी त्याच क्षणी उकळते आणि कारंज्यासारखे तोंडावर व हातांवर उडते. ओले फडके धरून उघडले तरी हात भाजतो. निदान अर्धा तास थांबावे. वरच्या नळीला हात लावून ती गार झाल्याची खात्री करावी. मगच झाकण हळूहळू उघडावे.

एवढे करूनही कोणी भाजला, तर भाजलेल्या जागेवर निदान वीस मिनिटे नळाचे साधे गार पाणी सोडावे. अंगठी, घड्याळ लगेच काढावे. टूथपेस्ट, शाई, तूप, हळद असे काही लावू नये. फोड फोडू नयेत. मग डॉक्टरांकडे जावे.

गॅरेजमधील एक तास

मागे एकदा मी नववीच्या काही मुलांना एका गॅरेजमध्ये घेऊन गेलो होतो. एक टॅक्सीवाले तेथे आले होते. त्यांची गाडी रोज गरम होत होती. "रेडिएटर बदलून टाका," असे ते म्हणाले. गॅरेजचे उस्ताद वयाने मोठे होते. मुले त्यांना चाचा म्हणत होती.

एका मुलाने विचारले, "चाचा, आता नवा रेडिएटर बसवणार का?"

उस्ताद हसले. "बेटा, ताप आला म्हणून डॉक्टर लगेच ऑपरेशन करतो का? आधी ताप कशाने आला ते पाहतो. आपणही आधी पाहू."

त्यांनी गाडी गार असल्याची खात्री केली आणि मग झाकण उघडले. पाणी तीन बोटे कमी होते. "पाणी रोज घालता का?" त्यांनी टॅक्सीवाल्यांना विचारले.

"हो, रोज सकाळी एक बाटली घालतो."

"मग रोज एक बाटली जाते कुठे? बाहेर गळते, झाकणातून उडते किंवा इंजिनाच्या आत जाते. चौथी वाट नाही. चला मुलांनो, शोधा."

मुले वाकून पाहू लागली. जमीन कोरडी होती. नळ्यांच्या टोकांना पांढरे डाग होते का, तेही त्यांनी पाहिले. पाणी वाळले की मागे क्षार उरतो. म्हणून पांढरा डाग म्हणजे जुन्या गळतीची खूण. रेडिएटरवर डाग नव्हता. वॉटर पंपाखालीही नव्हता. उस्तादांनी हातपंपासारखे एक यंत्र रेडिएटरच्या तोंडाला लावले आणि आत हवेचा दाब दिला. काटा स्थिर राहिला. मग त्यांनी झाकण त्याच यंत्राला लावून पाहिले. काटा लगेच खाली आला.

"सापडला चोर!" एक मुलगा ओरडला.

झाकणाचे रबर कडक होऊन चिरले होते. उस्तादांनी नवे झाकण बसवले, पण आधी त्यावर लिहिलेला दाबाचा आकडा जुन्या झाकणाशी जुळवून पाहिला. टॅक्सीवाले नवा रेडिएटर घेण्याच्या तयारीने आले होते. ते एका झाकणाच्या किमतीत परत गेले.

एका मुलीने विचारले, "चाचा, तुम्ही रेडिएटर बदलला असता, तर तुम्हाला जास्त पैसे मिळाले असते ना?"

उस्ताद म्हणाले, "मिळाले असते बेटी. आणि नव्या रेडिएटरवर हेच जुने झाकण लावले असते, तर आठ दिवसांनी गाडी पुन्हा आली असती. मग माझ्या कामाची इज्जत काय राहिली असती?"

बिघाड ओळखण्याच्या खुणा

उस्तादांनी त्या दिवशी मुलांना ज्या खुणा सांगितल्या, त्या पुढे दिल्या आहेत.

गाडी धावताना ठीक असते, पण गर्दीत थांबली की तापते. अशा वेळी पंखा पाहावा. विजेचा पंखा फिरत नसेल किंवा जुन्या गाडीत पंख्याचा पट्टा सैल झाला असेल.

गाडी जोरात धावताना किंवा चढावर तापते, हळू चालवली की ठीक होते. अशा वेळी रेडिएटरच्या नळ्या आतून क्षाराने बुजलेल्या असण्याची शक्यता असते. बाहेरचे पत्रे चिखल, किडे आणि कचऱ्याने भरले असतील, तरीही असेच होते.

गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा वर जातो, पण रेडिएटर गारच लागतो. येथे थर्मोस्टॅटचे दार बंदच राहिले असावे किंवा वॉटर पंप पाणी ढकलत नसावा.

पाणी कमी होते, बाहेर कोठेही ओल नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो आणि इंजिनाचे तेल दुधाळ दिसते. ही खूण सर्वांत वाईट. इंजिनाचे डोके आणि धड यांच्यामध्ये हेड गॅस्केट नावाची पातळ पट्टी असते. ती जळली, की पाणी इंजिनाच्या आत शिरते. अशी गाडी चालवू नये.

साधे पाणी की कूलंट?

आपल्या भागात विहिरीचे आणि बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यात क्षार जास्त असतात. घरात पाणी तापवण्याच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो, तो याच क्षारांचा. असाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. थर उष्णता अडवतो आणि नळी अरुंद करतो. शिवाय साध्या पाण्याने धातू गंजतो.

म्हणून कूलंट वापरतात. हा रंगीत द्रव बहुधा इथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि गंज रोखणारी द्रव्ये यांचा बनलेला असतो. थंड प्रदेशात तो पाण्याचा बर्फ होऊ देत नाही. काश्मीर किंवा लडाखमध्ये पाणी गोठून इंजिन फुटू शकते, तेथे तो अत्यावश्यक असतो. आपल्याकडे बर्फाची भीती नाही. मग कूलंट कशाला? कारण तो गंज रोखतो आणि उकळण्याचे तापमानही वाढवतो. कूलंट व शुद्ध पाणी निम्मे-निम्मे घेतले, तर दाब नसतानाही ते मिश्रण सुमारे १०७ अंशांना उकळते. मिसळायचे पाणी बॅटरीत घालतात तसे शुद्ध केलेले असावे. नुसते कूलंट भरणेही चुकीचे आहे, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणीच अधिक चांगले आहे.

कूलंट काही वर्षांनी बदलावा लागतो. किती वर्षांनी, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. वेगवेगळ्या प्रकारचे कूलंट एकत्र करू नयेत. आणि एक सूचना घरातल्या सर्वांना सांगा. कूलंट चवीला गोड असतो, पण तो विष आहे. लहान मुले, मांजरे, कुत्री तो पिऊ शकतात. त्यामुळे तो उघड्या भांड्यात ठेवू नये. जुना कूलंट नालीत किंवा जमिनीवर ओतू नये. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावा.

रेडिएटर बदलणे

कधी कधी रेडिएटर खरोखरच बदलावा लागतो. पूर्वीचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. ते गळू लागले, की कारागीर त्यांना डाग देऊन भोक बुजवत. वरची टाकी उघडून नळ्यांत लांब पट्टी घालून क्षार काढत. आजचे बहुतेक रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात आणि त्यांच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. ते हलके आणि स्वस्त असतात, पण टाकीला चीर गेली तर डाग देता येत नाही. बहुधा पूर्ण रेडिएटरच बदलतात.

हे काम जाणकाराच्या देखरेखीखालीच करायचे असते. त्याचा क्रम असा:

इंजिन पूर्ण गार होऊ देतात. बॅटरीची तार काढतात, कारण विजेचा पंखा अचानक सुरू होऊन बोटे कापू शकतो. गाडीखाली पसरट भांडे ठेवून रेडिएटरच्या तळाची चावी उघडतात आणि कूलंट काढून घेतात. नळ्यांच्या क्लिपा सैल करतात. नळी चिकटली असेल तर ती हळूहळू पिळून सोडवतात. स्क्रू-ड्रायव्हर घालून ओढली, तर प्लास्टिकचे तोंड मोडते. मग पंखा आणि त्याचे कवच काढून, बोल्ट सोडून रेडिएटर सरळ वर उचलतात.

नवा रेडिएटर जुन्याशेजारी ठेवून लांबी, रुंदी आणि नळ्यांची तोंडे जुळवून पाहतात. रेडिएटर ज्या रबरी गाद्यांवर बसतो, त्या जागच्या जागी बसवतात. फुगलेल्या किंवा चिरलेल्या नळ्याही याच वेळी बदलतात.

शेवटचे काम घाईत बिघडते. ते म्हणजे आतली हवा काढणे. मिश्रण सावकाश भरायचे असते. त्यानंतर बहुतेक गाड्यांत झाकण न लावता गार इंजिन सुरू करतात. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत बुडबुडे निघत राहतात आणि पातळी खाली जाते, तेव्हा आणखी मिश्रण घालतात. या वेळी तोंड लांब ठेवावे. बुडबुडे थांबले की झाकण लावतात. आत हवेचा गोळा राहिला, तर नवा रेडिएटर असूनही गाडी तापते. दुसऱ्या दिवशी इंजिन गार असताना पातळी पुन्हा पाहिली, की काम पूर्ण झाले.

वाटेत गाडी तापली तर

काटा वर जाऊ लागला, की वातानुकूलन बंद करावे. गाडीत हीटर असेल, तर तो पूर्ण चालू करावा. उन्हाळ्यात हे विचित्र वाटेल, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो. तो इंजिनाची उष्णता ओढून घेतो. तरीही काटा उतरला नाही, तर सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी, हँडब्रेक लावावा आणि इंजिन बंद करावे. "पुढच्या गावापर्यंत जाऊ," असे म्हणणारे पुष्कळदा इंजिन गमावतात. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये. गरम काचेच्या पेल्यात गार पाणी पडले की पेला तडकतो, तसा इंजिनाचा धातूही तडकू शकतो.

आणि घरी पोहोचल्यावर विसरू नये. पाणी भरले म्हणजे गाडी दुरुस्त झाली, असे नाही.

तुमच्यापैकी काहींच्या घरी टॅक्सी, जीप किंवा टेम्पो असेल. काहींचे वडील किंवा भाऊ गॅरेजमध्ये काम करत असतील. आठवड्यातून एकदा, सकाळी इंजिन गार असताना, प्लास्टिकच्या बाटलीवरच्या दोन रेघा पाहा. पातळी त्या दोन रेघांच्या मध्ये असावी. खाली जमिनीवर ओल आहे का, तेही पाहा. याला दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत. पातळी खाली गेलेली दिसली, तर मोठ्यांना हाक मारा आणि एवढेच विचारा, "पाणी गेले कुठे?"

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बेर्था बेंझ यांना वाटेत पुन्हा पुन्हा पाणी का भरावे लागले?
(आ) थर्मोस्टॅटच्या पोटात काय असते?
(इ) नळीच्या टोकावरील पांढरा डाग काय सुचवतो?

२. कारणे द्या.
(अ) गरम इंजिनाचे झाकण उघडू नये.
(आ) बर्फ पडत नसला, तरी आपल्या भागात कूलंट वापरावा.
(इ) सुराहीतले पाणी कमी होणे हा गुण आहे, रेडिएटरमधले कमी होणे हा आजार आहे.

३. उस्तादांनी नवा रेडिएटर का बसवला नाही? त्यांच्या वागण्याविषयी तुम्हाला काय वाटते, ते आठ-दहा ओळींत लिहा.

४. हवा, दुकान, उस्ताद, इज्जत हे शब्द उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत आहेत. असे आणखी पाच शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

५. उपक्रम : शिक्षकांच्या देखरेखीखाली एक जुना थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून पाण्याच्या पातेल्यात टांगा. पाणी तापवा. दार किती अंशांना उघडू लागते, ते तापमापीवर पाहून वहीत लिहा.